एकाच मोटारीची दोन दिशांची चाके

ती मोटार आता भंगारात गेली असेल, पण तिच्या चाकांचे ठसे मला आजही जसेच्या तसे दिसतात.

मी तेव्हा बसवकल्याणजवळ, राजेश्वर गावाच्या बाजूला एका ठाण्यावर उपनिरीक्षक होतो. नावे घेत नाही, कारण संबंधितांची कुटुंबे अजून त्याच भागात आहेत. हिवाळ्याचे दिवस होते आणि ऊन वर आले तरी धुके हटले नव्हते. जवळचे एक तळे त्या वर्षी लवकर आटले होते, म्हणून वाहने वळसा टाळून ओल्या गाळातूनच पलीकडे जात. त्या गाळात एक म्हातारा मेंढपाळ मरून पडला होता. त्याच्या मेंढ्या बांधावर गप्प उभ्या होत्या. हाकलल्या तरी एकही खाली उतरेना.

घटनास्थळी माझा क्रम ठरलेला असे: आधी प्रेत, मग जमीन, शेवटी बघे. प्रेत ठशांच्या दोन ओळींच्या मधोमध होते. ठसे रुंद होते आणि त्यांवर बाणाच्या टोकासारखी नक्षी होती. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची नक्षी अशीच असते. तिचे टोक मागे राहते, त्यावरून ट्रॅक्टर कुठे गेला हे तिथला कुठलाही शेतकरी सांगतो. इथे एका ओळीची टोके गावाकडे होती आणि दुसऱ्या ओळीची गावाच्या उलट दिशेला. दोन ओळींमधले अंतर मात्र मोटारीच्या डाव्या-उजव्या चाकांमध्ये असते तेवढेच आणि शेवटपर्यंत सारखे.

पंच म्हणून बोलावलेला शेतकरी वाकला, बघितले आणि दोन पावले मागे सरला.

"ह्यो ठसा गावाकडून आलाय, आन् त्यो गावाकडं गेलाय," तो म्हणाला. "अर्धं वाहन आलंय, अर्धं गेलंय. मी सही करत न्हाई साहेब."

"कामून?" आमच्या दफेदाराने विचारले. आमच्याकडे हेड कॉन्स्टेबलला दफेदार म्हणत.

"तुम्हीच करा की मग!"

दफेदाराने माझ्याकडे पाहिले. त्याचाही हात पुढे येत नव्हता. शेवटी तलाठ्याला पंच केले आणि दोन्ही ओळींचे प्लास्टरचे साचे घेतले.

डॉक्टरांनी मार वाहनाचा असल्याचे सांगितले. गावाला माहीत असलेले वाहन एकच होते. सवाऱ्या नेणारा एक जीपवाला बांधावरून जाताना प्रेत बघून थांबला होता आणि त्यानेच गावात बातमी दिली होती. पण त्याच्या जीपचा बंपर वाकलेला होता. शिवाय आदल्याच दिवशी रस्त्यात मेंढ्या आडव्या आल्या म्हणून त्याने म्हाताऱ्याला चारचौघांत धमकावले होते. याने मारून गाळात टाकले, असे गाव म्हणू लागले. ठशांचे काय, असे विचारले की लोक विषय बदलत. मी जीपवाल्याला ताब्यात घेतले. जमाव पाहता त्याच्या जिवालाही तेच बरे होते. खुनाचे कलम लागले असते तर माणूस जन्मभरासाठी गेला असता.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको ठाण्यावर आली. रडारड नाही. पदर खोचून टेबलासमोर उभी राहिली.

"माझा माणूस तोंडाचा वाईट हाय, हाताचा न्हाई," ती म्हणाली. "त्याच्या आधी एक लाल बुटकी मोटार गेलती. मी पाण्याला चाललते."

"आणखी काय पाहिलंस, अक्का?"

"चाकावर पांढरी अक्षरं व्हती. चाक फिरायलं तसं पांढरं कडं दिसायलतं."

अशी मोटार आमच्या आणि शेजारच्या गुलबर्गा, दोन्ही जिल्ह्यांत एकच होती. गुलबर्ग्याच्या एका कंत्राटदाराच्या पुतण्याने मुंबईहून परदेशी बनावटीची, चार दारांची, वेगासाठी केलेली गाडी आणली होती. मी त्याच्याकडे साध्या कपड्यांत गेलो. जीपला टायर घ्यायचे आहेत, सल्ला हवा, असे म्हणालो. आवडत्या विषयावर माणूस स्वतःहून बोलतो, हा माझा अनुभव.

तो खुलला. "साहेब, पहिलं माप. मग चारही एका जातीचे. एक नवा, तीन जुने असं करू नका. आपल्या रस्त्यावर टायर तापतो, तेबी बघा."

"हे कुठे मिळाले?"

"मुंबईच्या गोदीत. ही जात डाव्या-उजव्या चाकांना वेगळी असती. मला चारही डावेच मिळाले. दुकानदार म्हणाला, उजवीकडं लावताना अक्षरं आत घ्या, न्हाईतर टायर उलटा फिरतो." तो हसला. "अक्षरं आत घालायला एवढे पैसे टाकलो काय? टायर दिसला पायजे की!"

मी गुडघ्यावर बसलो आणि डाव्या चाकाच्या नक्षीवरून तळवा फिरवला. मग उजव्या चाकाकडे गेलो. टोके उलटी होती.

मी ओळख सांगून तळ्याचे नाव घेतले. त्याने नाकारले नाही.

"तुम्ही बी बघितलाव ते ठसे? साहेब, धुक्यात धक्का बसला. मी उतरलो. म्हातारा पडलेला. मागं बघतो तर एक ठसा माझा, आन् त्याच्या बाजूनं दुसरं कायतरी उलटं आलेलं. त्यानं मारलं. त्या दिवसापासून मी गाडीत एकटा बसत न्हाई."

तो खोटे बोलत नव्हता, हीच भयानक गोष्ट होती. मी बागेतल्या ओल्या वाफ्यावरून त्याला गाडी हळू पुढे घ्यायला लावली. तो उतरला, मागे येऊन खाली पाहत राहिला. डावा ठसा गेलेला, उजवा आलेला.

"म्हंजे त्या दिवशी," तो म्हणाला, "मी एकटाच व्हतो?"

तो वाफ्याच्या कडेला बसला आणि जबाब तिथेच सुरू झाला. साचे त्या चाकांशी तंतोतंत जुळले.

जीपवाला सुटला. माझ्या दृष्टीने प्रकरण मिटले होते. पण काही दिवसांनी दफेदार म्हणाला, "साहेब, त्याच्या जीपमध्ये कोणी बसत न्हाई. स्टँडवर दिवसभर रिकामी उभी असती. लोक म्हणतात, ठसे त्याच्याच मागं लागलेत."

टायरची गोष्ट मी पंचायतीत समजावून सांगितली. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशीही जीप रिकामीच. तेव्हा मला कळले की सुटकेचा हुकूम कोठडीचे दार उघडतो, गावाचे नाही. भीती खुलाशाने जात नाही. दुसरा कोणी बिनधास्त वागताना दिसला तरच ती थोडी मागे सरते.

बाजाराच्या दिवशी मी पूर्ण गणवेशात स्टँडवर गेलो आणि जीपच्या पुढच्या सीटवर बसलो. दफेदार मागे बसला. जीपवाला स्टिअरिंगमागे येऊन बसला.

"कुठं जायचं साहेब?"

"बसवकल्याण. तळ्यातून घे."

मी भाडे आगाऊ त्याच्या हातावर ठेवले आणि उरलेल्या सीट भरायची वाट बघत बसून राहिलो. बऱ्याच वेळाने भाजीची पाटी घेतलेली एक म्हातारी पुढे आली आणि दफेदाराला म्हणाली, "सरक की रे जरा."