भर दुपारची गार गाडी

फोन भाच्याचा होता. "अत्ते, अप्पा गेले," एवढंच तो म्हणाला. त्याला आता दीड महिना झाला. त्याचे अप्पा म्हणजे माझा थोरला भाऊ अण्णा. तो हट्टी, तापट आणि कुणाचं म्हणून न ऐकणारा माणूस होता. माणूस गेला की सगळे त्याचे गुणच सांगतात, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

मला जन्मापासून घाम येत नाही. उन्हात अंग तापू लागलं की तापतच जातं. त्यामुळे उन्हाळाभर मी तंजावूरजवळच्या पापनाशमच्या घरात, माजघरात, ओलं फडकं पांघरून बसायची आणि तिथंच अभ्यास करायची. साठच्या दशकात मी एस.एस.एल.सी.ला, म्हणजे मॅट्रिकला, बसले तेव्हा परीक्षेचं केंद्र तंजावूरला आलं. तिथली शाळा दगडी आणि गार होती. तिथवर पोचायचं कसं, हाच घोर होता. दारात आजोबांच्या वेळची काळी विलायती गाडी होती. अण्णानं मद्रासला जाऊन एका मोडक्या अमेरिकन गाडीतलं एसीचं यंत्र काढून आणलं, तिरुचीच्या टॉकीजमधल्या एसी मिस्त्रीला गाठलं आणि महिनाभर खपून ते आजोबांच्या गाडीत बसवलं. इंजिनाला जास्तीचा पट्टा, यंत्राला वेगळी बॅटरी! गारवा बाहेर जाऊ नये म्हणून चारी खिडक्यांच्या काचा रबर आणि पुट्टी लावून कायमच्या बंद केल्या. "इंजिन जुनं, रेडिएटर लहान. गाडी चालती आहे तोवर ठीक, उभी राहिली की तापेल," असं मिस्त्रीनं बजावलं होतं. अण्णानं ते हसण्यावारी नेलं.

पेपर दोन वाजता होता. आई म्हणाली, "पहाटेस निघा रे, थंडींत पोचाल."

"मग हें अस्कं कशाला बसवलं? भर दुपारीं नेतों, बघ!" अण्णा म्हणाला. आमच्या तंजावरी बोलीत अस्कं म्हणजे सगळं.

बाराला निघालो. वाटेत रेल्वेचं फाटक बंद लागलं. सावलीला एक झाड नाही, आणि रुळावर मालगाडी पुढं-मागं करत राहिलेली. इंजिनाच्या उष्णतेचा काटा चढत गेला, बॉनेटमधून वाफ आली आणि अण्णानं इंजिन बंद केलं. इंजिनाबरोबर गारवाही थांबला. त्यानं दार उघडलं तर बाहेरून भट्टीसारखा वारा आत आला. माझे कान जळू लागले, जीभ टाळूला चिकटली. जवळ पाण्याचा एकच कूजा होता. त्यानं एकदा रेडिएटरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि सगळं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. मग फाटकवाल्याचं मडकं मागून आणून रेडिएटरमध्ये रिकामं केलं. इंजिनावरचा भार उतरावा म्हणून एका गाडीवानाचा कोयता घेऊन यंत्राचा पट्टा कापून टाकला. आता गाडी चालली असती, पण आत गारवा नव्हता आणि माझ्या ओल्या अंगाला वारा लागायला वाट नव्हती. घर जितकं लांब, तितकीच शाळा लांब होती.

"घरीं जाऊं, रुक्कू?" त्याचा आवाज कापत होता. तसा तो मी पहिल्यांदाच ऐकला.

"नको. पुढं चल."

त्यानं जॅकची दांडी काढली. ज्या काचांवर कुणी बोट ठेवलं तरी अण्णा खेकसायचा, त्या चारी काचा त्यानं एकामागून एक फोडल्या. फाटक उघडल्यावर त्यानं जी गाडी हाणली ती शाळेच्या दारातच थांबवली. ओल्या पदरानं मी पेपर लिहिला, पास झाले, पुढं जन्मभर मास्तरीण म्हणून जगले. पण त्या दिवसानंतर मी तीन रात्री तापानं बडबडत होते आणि अण्णा दाराबाहेर बसून होता, हे आईनं मला मागाहून सांगितलं. आम्ही दोघं त्या दुपारीबद्दल कधीच बोललो नाही.

तेराव्याला गेले तेव्हा भाचा अण्णाच्या खोलीत एसी लावायची मापं घेत होता. "पण आधी खिडक्या दुरुस्त करायला होणार अत्ते," तो म्हणाला. "एकीलाही कडी नाहीं. अप्पांनीं अस्क्या उपटून टाकल्या होत्या. पावसांतही एक खिडकी लावूं देत नव्हते. कां, तें सांगितलं नाहीं कधीं."

मी कॉटवर बसले. मला त्याचा इतका राग आला... वेड्या, इतकी वर्षं हे एकट्यानं उरात घेऊन बसलास! एकदा विचारायचंस तरी. फाटक लागायच्या आधीची वीस मिनिटं मी आयुष्यात पहिल्यांदा भर दुपारी बाहेर होते. काचेला नाक लावून शेतं बघत होते, रस्त्यानं उन्हात चालणारी माणसं बघत होते, आणि मला काहीच होत नव्हतं. इतकं सुख मला पुन्हा कधी झालं नाही. हे मी त्याला सांगितलंच नाही.