जाळ्याचं शिसं

पोरगी तेव्हा अंगावर पीत होती. पोरीचा बाबा कुडव्याले गाड्या दुरुस्त करे, आमची खोली गॅरेजच्या मागंच. त्याले ड्रॅग रेसचा नाद लागला. म्हणजे सरळ रस्त्यावर दोन मोटरसायकली एकदम सोडतात, जो पयले पोचला तो जिंकला, बस. मले भेवच वाटे. मी सातवीपर्यंतच शिकली, पण नियमाचा कागद दोनदा वाचला. पिस्टन, रॉड अन दोघायले जोडणारी पिन, तिन्ही मिळून कंपनीच्या वजनापेक्षा हलके चालणार नाईत, असं लिवलं होतं.

"हलके कायले करतात जी?"

"इंजिन लवकर उठते."

"मंग मना काऊन हाय?"

"पातर झालं का तुटते." अन हासला. "माह्या हातचं नाई तुटत."

म्हणजे यानं रॉड आधीच घासून ठेवला होता. सोनाराचा काटा मागून आणला, वजन कमी भरलं. मले वाटलं, वजन कमी हाय म्हणून धोका हाय, वजन पुरं झालं का धोका गेला. एवढीच माही अक्कल.

माहा बाप बोदलकशाच्या तलावात मासे धरे. त्याचं एक जुनं जाळं आमच्या खोलीत टांगलं होतं, खालच्या काठाले शिशाच्या गोळ्या. मीच म्हटलं, "पिन तं आतून पोकळ हाय ना, तिच्यात हे शिसं भरा."

तो माह्याकडं पायतच रायला. "अवं, तू तं मिस्त्री निघाली."

माह्याच फोडणीच्या पळीत त्यानं शिसं वितळवलं अन पिनेत ओतलं. काटा बरोबर आला. त्या दिवशी मी पोटभर जेवली.

रेसच्या दिवशी तपासणाऱ्यानं इंजिन उघडून तिन्ही पुर्जे काट्यावर ठेवले, वजन तेवढं पायलं, अन मान डोलावली. पुर्जे परत बसवले, इंजिनले सील लावलं. "वहिनी, आता तरी हासा, पास झाली गाडी," असं कोणीतरी म्हटलं, अन माहा जीव खरंच भांड्यात पडला.

पयली फेरी तो जिंकला. दुसऱ्या फेरीत अर्ध्या रस्त्यावर गाडीचा आवाजच बंद झाला, मागचं चाक जागीच जाम झालं, अन तो कुठं पडला, गाडी कुठं गेली, मले काही दिसलं नाई, मी पोरीले कडेवर घेऊन पळून रायली होती, चपला कुठं सुटल्या तेही मालूम नाई.

मंग त्याच्या दोस्तानं इंजिन खोललं. शिसं पिनेतून सरकून बाहेर आलं होतं, पिस्टन अन सिलिंडरच्या भिंतीच्या मधात फसलं होतं. घासलेला रॉड मात्र साबूत होता. पोरीचा बाबा म्हणे तसंच, त्याच्या हातचं तुटलं नाई.

त्याचा पाय गुडघ्यात वाकत नाई आता. स्टुलावर बसूनच गाड्या खोलते.

तो अजून खाटेवरच होता, तेव्हा माहा बाप त्याले भेटाले आला, अन बापाची नजर जाळ्यावर गेली. "गोळ्या कोणं काढल्या?"

मी पोरीचं झबलं सारखं करत बसली. खाटेवरून आवाज आला, "म्या काढल्या मामाजी. मलेच सुचलं होतं ते."

बाप त्याले लय बोलला. अक्कल काढली, पोरीचा तं इचार करायचा होता म्हणे. तो खाली मान घालून आयकत रायला, अन मी तोंड उघडलं नाई. बाप मरेपर्यंत नाई उघडलं.