आबांच्या हातचे लॅम्डा

आबा, म्हणजे माझे वडील, शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डर होते. मातीचे साचे करण्यात हयात गेली आणि तीच बारीक माती शेवटी छातीत जाऊन बसली. खोकल्यानं त्यांना घरी बसवलं त्याच वर्षी, सत्तरचं दशक संपता संपता, माझा पीएच.डी.चा प्रबंध टायपिंगला गेला. विषय गणितातला होता: अनंत मितीच्या ली बीजगणितांची रिप्रेझेंटेशन्स. आमच्या मंगळवार पेठेत तो कुणाला समजावून सांगायच्या भानगडीत मी पडलो नाही. आबांनीही विचारलं नाही. त्यांना फक्त पोरगा डॉक्टर झालेला बघायचा होता, आणि त्यांच्याकडं दिवस थोडे होते.

टायपिस्टच्या मशीनवर ग्रीक अक्षरं नव्हती. तो तेवढ्या जागा कोऱ्या सोडायचा आणि चारही प्रतींत आपण शाईनं चिन्हं भरायची, अशी तेव्हाची रीत. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. दोन पानं बघून आबांनी गठ्ठाच ओढून घेतला.

"आण हिकडं. साच्याची कड राखणारा हात हाय ह्यो."

मग रोज दुपारी मी वाचून दाखवायचो आणि ते दम लागेपर्यंत कोऱ्या जागांत लॅम्डा हे ग्रीक अक्षर काढायचे. एकसारखे, ताठ. मला त्यांचा हेवा वाटायचा.

तिसऱ्या प्रकरणात वाचता वाचता माझी जीभ अडली. एका मोड्यूलचे, म्हणजे ज्यावर ते बीजगणित काम करतं त्या रचनेचे, मी बिनदिक्कत दोन तुकडे केले होते: आतला भाग हा, उरलेला तो. सान्त, म्हणजे मोजता येणाऱ्या मितीच्या ज्या बीजगणितांवर आम्ही वाढलो, तिथं ते चालतं. हाताला तीच सवय. इथं आतला भाग सापडतो, पण उरलेलं त्याच्यापासून सुटं निघत नाही. पुढची दोन प्रकरणं त्याच एका चुकीच्या ओळीवर उभी होती.

"का थांबलास?" आबा.

"काय न्हाय. पान चुकलं."

गाइडना चूक दाखवली, तर ते म्हणाले, "द्या हो तसाच. एवढ्या खोलात कोण जातंय!" मी दिला नाही. त्यात माझा मोठेपणा काही नव्हता. आबांचंच तोंडचं वाक्य डोक्यात बसलं होतं: आत भोक असलेलं कास्टिंग रंग लावून पाठवायचं न्हाय, परत भट्टीत टाकायचं. हेच आबांना जाऊन सांगितलं असतं तर ते हसले असते, खात्री आहे माझी. पण चार प्रतींतले त्यांचे लॅम्डा वाया गेले, हे सांगायला माझी छाती झाली नाही. गठ्ठा मी मित्राच्या खोलीवर ठेवला.

"दिलास काय रं?"

"दिला की, आबा."

"मग आता झालासच म्हण की डॉक्टर!"

त्याच दिवशी त्यांनी शेजाऱ्याबरोबर फौंड्रीत पेढे पाठवले. तेव्हाही मी खरं सांगितलं नाही, याची मला अजून चीड येते.

महिन्याभरात आबा गेले. फौंड्रीतली माणसं पाळी सोडून आली होती. पंचगंगेच्या वाटेवर तिरडीखाली माझी पावलं अडखळायला लागली, तसा त्यांच्यातला एक म्हातारा मोल्डर पुढं आला आणि सगळ्यांदेखत, अदबीनं म्हणाला,

"डॉक्टर, खांदा बदला."

मी बदलला.