कानबाईचे रोट आणि आमचं फोफावलेलं कूळ

आमचं कूळ फोफावलेलं आहे, हे मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं आणि त्याची शिक्षा माझ्या पोटानं भोगली.

श्रावणात आमच्या घराण्याची कानबाई, म्हणजे खानदेशातली कुलदेवी, बसते. आजवर ती धरणगावला, माझे थोरले चुलतभाऊ बापू यांच्याकडे बसायची. कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं एकेक मूठ गहू धरायचा, तो दळायचा आणि त्याचे जाडजूड रोट भाजायचे. (नाव पुरुषांचं, भाजणं बायकांचं. देवीनं यावर अजून मत दिलेलं नाही.) हे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. आमच्याकडे नियमच आहे, ज्याच्या घरी रोट उरले त्याच्या घरी पुन्हा कानबाई बसत नाही.

यंदा मी जाहीर केलं, "कानबाई जळगावला, माझ्या फ्लॅटमध्ये!"

"शहरमा?" बापू म्हणाले. "रोट उरतीन ना भो!"

बस्स! मी पडलो मराठीचा मास्तर, मला डिवचायला एवढं पुरतं. "बापू, आपलं कूळ नुसतं वाढलेलं नाही. विस्तारलंय, बहरलंय, फोफावलंय! उरतील कसे?"

बापू गप्प बसले. ते इतक्या लवकर कसे गप्प बसले, हा विचार मी तेव्हाच करायला हवा होता.

मुठी धरायला पाचोऱ्याहून नाना आले. कुळात सगळ्यात वडील तेच, आणि तरुणपणी कुस्ती खेळलेले. त्यांचा पंजा म्हणजे सूप!

"बठ्ठासनं नाव घे. एक बी सोडू नको," नाना म्हणाले.

मी पुण्याचे घेतले, सुरतेचे घेतले, नाशिकचे घेतले. हौसेच्या भरात सांगून गेलो, "आपल्या पुण्याच्या संदीपकडे पाळणा हलणार आहे!"

"मंग धरसूत त्यानी बी मूठ!"

"आणि मुलगी झाली तर?" आतून मंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं विचारलं.

"तं पुढला वरीसले वजा करसूत," नाना म्हणाले आणि मूठ भरली. मग त्यांना आठवलं. "नि तुना खालना मजलावरला रघुनाथ?"

"ती शाखा आपली नाही, नाना," मी ठामपणे म्हणालो. खरं तर आडनाव एक, मूळ गाव एक, खापरपणजोबाही एक. पण रघुनाथभाऊ त्यांची मोटारसायकल माझ्या स्कूटरच्या जागेत लावतात. तेवढ्यावरून मी त्यांना कुळातून काढून टाकलेलं होतं.

पोतं पाहून गिरणीवाला म्हणाला, "सर, खानावळ काढली का?"

"कूळ आहे आमचं!"

"बोकाळलंय की!"

शब्द जरा सौम्य वापर, असं सांगणार होतो. पण पोतं त्याच्याकडूनच उचलून घ्यायचं होतं.

कानबाई थाटात बसली. फोफावलेलं कूळ मात्र जिथल्या तिथे राहिलं. पुणेकर म्हणाले, "काका, व्हिडिओ कॉलवर दर्शन द्या ना!" सुरतवाल्यांना रजा नव्हती. बापूंनी धरणगावहूनच हात जोडले. नाशिकचा पुतण्या आला, पण रोटाकडे बघून हात जोडून उभा राहिला.

"घे ना रे!"

"काका, मी गहू सोडलाय."

नानांना साखरेचा त्रास. त्यांनी अर्धा रोट खाल्ला आणि पाचोऱ्याची गाडी पकडली. दुसऱ्या दिवशी कानबाईचं विसर्जन झालं. घरात उरलो मी, मंदा आणि रोटांची चळत.

मग सकाळी चहात बुडवून रोट, शाळेच्या डब्यात रोट, रात्री दुधात कुस्करून रोट! स्टाफरूममध्ये जोशीबाई म्हणाल्या, "वास छान येतोय. एक तुकडा द्या ना, सर!" मी डबा छातीशी धरून ओरडलो, "देता येत नाही!" तेव्हापासून शाळेत माझी हावरट म्हणून ख्याती आहे. पँटचं बटणही शहीद झालं.

"कुळाचं माहीत नाही," मंदा म्हणाली, "तुम्ही मात्र दिसामाशी वाढताय."

पौर्णिमा तोंडावर आली, चळत काही उतरेना. कानबाई परत धरणगावला जाणार आणि बापू जन्मभर हसणार, या विचारानं माझा घास अडकू लागला. (रोटामुळे तो तसाही अडकतच होता.)

"खाली एक भाऊबंद आहे," मंदा म्हणाली.

"ते? शक्यच नाही!"

"स्कूटर मोठी की कानबाई?"

मी मुकाट्यानं जिना उतरलो. रघुनाथभाऊंनीच दार उघडलं.

"भाऊ, आपण एकाच कुळाचे," मी म्हणालो.

"कवयपासून?"

कधीपासून म्हणजे, रोट उरल्यापासून! त्यांनीच मग आत बसवलं. म्हणाले, "माय गई, तवयपासून आम्हना घरनी कानबाई बंद शे. जिनामा रोज रोटना वास ई र्‍हायना. म्हनं, हाऊ मास्तर आज बलाई, उद्या बलाई..."

मला खरोखर लाज वाटली. एका स्कूटरच्या जागेसाठी मी बोलावण्याची वाट बघणाऱ्या या माणसाला देवीच्या ताटावरून उठवलं होतं.

"चला ना वर, आत्ताच!"

"मूठ नही तं घास कसा? पहिले आम्हना मुठी धर!" एवढं बोलून त्यांनी यावलला भावांना फोन लावला.

केळीच्या टेम्पोतून भाऊ आले, भावांची पोरं आली, पोरांची पोरं आली. जी शाखा आमची नव्हती, तीच खरी फोफावलेली निघाली! रघुनाथभाऊंच्या मुठी धरल्या, गिरणीवाला पुन्हा हसला, नवे रोट भाजले गेले. मंदानं माझ्याकडे असं पाहिलं की मीही पोळपाट ओढून बसलो. आणि मग ती मंडळी जेवायला बसली! पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी नवे-जुने मिळून पाटीत एकच रोट उरला. तो मी उचलला, पहिला घास घेतला आणि बापूंना फोन लावला.

"बापू, संपले! हा हातातला शेवटचा!"

"शाबास! आते कानबाई कायमनी तुनाकडेच," बापू आनंदानं ओरडले. "कितला वरीस मी एकटा खाई र्‍हायंतू रे भो! कोनी हौशी भेटी, हाईच वाट देखी र्‍हायंतू!"

मंदानं शेजारून सगळं ऐकलं होतं. "म्हणजे पुढच्या वर्षी या सगळ्यांचे रोट," ती म्हणाली, "आणि दरवर्षी! सांगा ना मास्तर, अशा वाढीला आणखी एखादा शब्द आहे का तुमच्याकडे?"

शब्द होते. पण तोंडात रोट होता.