रिकामा ठोका

दणक्याच्या रागाला वेळकाळ नव्हता. लहानपणी भोवरा फिरेना म्हणून त्याने तो दगडाने ठेचला होता. अंगात ताकद आली तशा ठेचायच्या वस्तू मोठ्या होत गेल्या. दारं, सायकली, एकदा शेजारच्या रंगाऱ्याचा जबडा. मनाने माणूस वाईट नव्हता. राग उतरल्यावर तो स्वतःच रंगाऱ्याला चमच्याने दूध पाजायला गेला, पण त्याला दारात बघून रंगारी खाटेखाली शिरला.

थोरला भाऊ लोहार आणि दणक्या त्याचा घणवाला. भट्टीतून काढलेलं लालभडक लोखंड दादा सांडशीने ऐरणीवर धरायचा, जिथे मारायचं तिथे हातोडीने हलकेच वाजवायचा, आणि दणक्या नेमका तिथेच घण घालायचा. तोंडाने बोलायची गरजच पडत नसे. थांबायचं झालं की दादा लोखंड सोडून ऐरणीच्या मोकळ्या पाठीवर हातोडी मारायचा. टण्ण! हा रिकामा ठोका. तो पडला की वर गेलेला घण वरच थांबला पाहिजे, कारण सांडशी धरणारा हात घणापासून जेमतेम वीतभर लांब असतो.

पाच वर्षांपूर्वी एका सकाळी टेम्पोवाल्याने दुकानाच्या तोंडावर गाडी उभी केली. दणक्याने हटकलं.

"रस्ता काय तुझ्या सासऱ्याने आंदण दिलाय?" टेम्पोवाला म्हणाला. "आधी सासरा तरी शोध!"

अख्खी गल्ली हसली. दणक्या दात आवळून आत आला आणि घणावर तुटून पडला. प्रत्येक घावाखाली त्याला टेम्पोवाल्याचं तोंड दिसत होतं. दादाने रिकामा ठोका दिला, तो याच्या कानातच शिरला नाही. लोखंड उलटायला दादाचा डावा हात पुढे आला आणि घण त्यावर पडला. दोन बोटं गेली. वहिनीच्या किंकाळीने दणक्या भानावर यायच्या ऐवजी आणखी बिथरला. "तुझ्यामुळे झालं हे!" असं ओरडत तो बाहेर धावला आणि सांडशीने टेम्पोवाल्याला इतकं बडवलं, की चौघांनी ओढून काढेपर्यंत त्याचा एक डोळा फुटला होता.

चार वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात रोज सकाळी भोंग्यावर एकच गाणं लागायचं. त्या वर्षी ते घरोघरी, रिक्षा-रिक्षात वाजत होतं. ढोल, कीबोर्ड, टाळ्या, आणि एक कोवळा आवाज: "जुना मी मोडून टाक, देवा, नवा मला घडव." दणक्याचं पित्त खवळायचं. हे लिहिणाऱ्याने ऐरण जन्मात पाहिलेली नाही, घडताना लोखंडाचं काय होतं ते याला काय माहीत! ते गुणगुणणाऱ्या एका कैद्याचं डोकं त्याने भिंतीवर आपटलं. त्याला एकट्याच्या कोठडीत घातलं, तर गाणं भिंतीतून तिथेही आलं. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्याने पहिल्यांदा ते शेवटपर्यंत ऐकलं. दुसऱ्या कडव्यानंतर सगळी वाद्यं थांबत आणि एकच धातूचा आवाज येई. टण्ण!

दादाचा रिकामा ठोका. हुबेहूब.

दणक्या गुडघ्यांत डोकं घालून हुंदके देऊन रडला. पुढची तीन वर्षं तो त्या आवाजाची वाट बघत सकाळी उठायचा. हात शिवशिवू लागले की मनातल्या मनात गाणं सुरू करायचा आणि टण्णपर्यंत पोचेस्तोवर मुठी सुटलेल्या असायच्या. कोणी घडवलं म्हणून विचारलं तर तो साधेपणाने म्हणायचा, "देवाने. गाण्यातून."

सुटल्यावर तो थेट दुकानात आला. दादा तीन बोटांच्या हाताने सांडशी धरून एकटाच कड्या-बिजागऱ्या ठोकत होता. मोठी कामं गेली होती. वहिनी भट्टीच्या पंख्याशी बसली होती.

"भावजी, तिथेच थांबा," ती म्हणाली. "आत पाय टाकलात तर ही तापलेली सळई कुठे जाईल, सांगता येत नाही."

"वहिनी, मी बदललोय. एक गाणं—"

"गाण्याने माणूस बदलला असता तर रिक्षावाले सगळे संत झाले असते."

दादा म्हणाला, "कोळसा फोडू दे त्याला. बाहेर बसून." दणक्या सात महिने बाहेर बसून कोळसा फोडत राहिला. घण आत भिंतीला टेकून उभा होता. त्याला दुसरं काही नको होतं. दादाने आपला उरलेला हात पुन्हा त्याच्या घणाखाली ठेवावा, एवढंच हवं होतं.

मग ट्रकच्या स्प्रिंगच्या जाड पाट्याच्या चार पहारी करायचं काम आलं. एकट्याच्या हातोडीला तो पाटा दाद देईना. दादाने घाम पुसला आणि बाहेर न बघताच म्हणाला, "ये. उचल."

"अहो, तुम्हाला उरलेली तीन जड झालीत का?" वहिनी कडाडली. पण दणक्या आत आला होता. घाव पडू लागले. रिकामा ठोका पडला; घण वरच थांबला. पुन्हा तापवलं, पुन्हा ठोकलं, पुन्हा थांबला. दादाच्या मिशीत हसू फुटत होतं.

तेवढ्यात टेम्पोवाला दारात आला. हातात जॅकचा दांडा.

"देवमाणूस झालास म्हणे! माझा डोळा दिला का तुझ्या देवाने परत?"

पहिला घाव दणक्याच्या पाठीवर बसला, दुसरा कानामागे. रक्त गळ्यावरून छातीत उतरलं. तो हलला नाही. दादा मधे पडला. टेम्पोवाल्याने त्याला असा ढकलला, की त्याचं कपाळ पाण्याच्या टाक्याच्या कडेवर आपटलं आणि तो गप्पकन खाली बसला.

दणक्याच्या डोक्यात सणक गेली. लाथेसरशी त्याने टेम्पोवाल्याला आडवा केला आणि घण डोक्यावर उचलला. खाली एक डोळा विस्फारला होता. दणक्याने गाणं आठवून पाहिलं. एक शब्द येईना. चाल येईना. इतक्या वर्षांचा देव, जणू कधी भेटलाच नव्हता. घण खाली यायला निघाला.

टण्ण!

घण थांबला. 

ऐरणीपाशी वहिनी उभी होती. दादाची हातोडी तिच्या हातात होती.

दणक्याने घण हळूच आपल्या पायाशी ठेवला. टेम्पोवाला धडपडत उठला आणि त्याने दांडा पूर्ण ताकदीने हाणला. गळ्याखालचं हाड कट्‌कन मोडल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. दणक्या गुडघ्यांवर आला.

"अजून राहिलं असेल तर घे," तो म्हणाला.

टेम्पोवाल्याने दांडा उगारला, आणि मग तो त्याच्या हातातून गळून पडला. तो कोळशाच्या पोत्यावर बसून लहान पोरासारखा रडायला लागला. "माझी मुलगी माझ्या मांडीवर येत नाही रे. ह्या खोबणीला भिते."

 दणक्या मान खाली घालून बसला.

वहिनीने आधी दादाचं कपाळ बांधलं, मग टेम्पोवाल्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. शेवटी दणक्याचा हात ओढणीने गळ्याशी आवळला. इतका करकचून, की तो कळवळला.

"वहिनी, मला गाणं आठवलंच नाही," तो शरमून म्हणाला.

"म्हणा आता."

त्याने कण्हत म्हटलं. सूर कुठल्या कुठे. "जुना मी मोडून टाक, देवा..."

"पुरे," दादा टाक्याला टेकून पुटपुटला. "मोडायचं आजच्यापुरतं झालं."

पाटा ऐरणीवर गार पडला होता. वहिनीने तो पुन्हा भट्टीत सारला, पंखा सुरू केला आणि घणाचा दांडा दोन्ही हातांनी उचलून पाहिला.

"हाड जुळेपर्यंत घण मी मारते," ती दादाला म्हणाली. मग दणक्याकडे वळली. "त्यानंतर तुम्ही. आणि भावजी, घरात जेवायला या. बाहेर कोळशात बसून जेवायची गरज नाही."