तांडेलांची मरळ

तांडेलांना हळू बोलता येत नसे. चाळीस वर्षं होडीच्या इंजिनावर आवाज चढवून बोललेला माणूस; चहात साखर कमी पडली तरी ते तीन घरांपलीकडे कळायचं. होडीचे म्होरके म्हणून मालवणच्या किनाऱ्यावर सगळे त्यांना तांडेलच म्हणत. मीही तेच म्हणायचो, कारण सासरे म्हणायची मला सोय नव्हती.

त्यांची मुलगी शैला हिने मसुऱ्याच्या शेतकऱ्याच्या घरात, माझ्यासारख्या शाळामास्तराशी लग्न केलं, ते त्यांना रुचलं नव्हतं. नऊ वर्षं ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मग त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी समुद्रावर जायला कायमची बंदी घातली आणि शैलाने त्यांना विश्रांतीसाठी आमच्याकडे आणलं. समोर मी बसलेलो असलो तरी ते तिलाच सांगत, "मास्तरांक सांग, भात कच्चो रवलो."

आमच्या घरामागे तळं आहे. कमळाची पानं आणि शेवाळ यांनी इतकं भरलेलं, की पाणी शोधावं लागतं. दर रविवारी मी तिथे काठी आणि गरी घेऊन गरवायला जातो. थंडीतल्या एका सकाळी तांडेल न बोलावता मागून आले. "ह्या डबक्यात काय गावतला?" असं त्यांनी तळ्याला विचारलं, मला नव्हे. त्या आवाजाने पानांखालचं पाणी हललं आणि मासे गेले. मग माझी काठी घेऊन त्यांनी समुद्रात टाकावी तशी गरी पार मध्यावर भिरकावली. ती शेवाळात रुतली. ओढली तर गरीचा दोरा, तंगूस, तुटला. त्यांनी माझ्या तीन गऱ्या घालवल्या. घामाघूम होऊन खाली बसले आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाले, "तू खंय टाकतंस?"

मी दाखवलं. लांब फेकायचं नाही. दोन पानांच्या मधे परातीएवढी मोकळी जागा बघायची आणि तिथे गरीला लावलेला बेडूक अलगद सोडायचा. गरीचं टोक बेडकाच्या अंगात लपवायचं, म्हणजे ते शेवाळात अडकत नाही. मरळीने झडप घातली की लगेच ओढायचं नाही. तिला गिळू द्यायचं. तंगूस चालू लागला की मात्र सरळ वर उचलायचं. जरा ढील दिली की ती कमळाच्या देठांना वेढे घालून निसटते.

त्यानंतर तांडेल मला झोपू देईनात. उजाडायच्या आत अंगणात चिव्याच्या बांबूची काठी आपटत उभे. वाऱ्याशिवाय हललेलं पान कुठलं, बुडबुडे कुठे येतात, हे आठवड्याभरात त्यांना माझ्यापेक्षा जास्त दिसू लागलं. तळ्याकाठी आम्ही भुवयांनी बोलायचो. मरळ मात्र रोज हुलकावणी देई. परतताना ते म्हणत, "दर्यो दांडगो, पण सरळ. ह्यां पाणी लबाड."

आणि एका सकाळी पलीकडच्या काठाजवळ पाणी फाटकन फुटलं. बेडूक नाहीसा झाला. तांडेलांचे हात उचलायला शिवशिवत होते, पण ते थांबले. ओठ आवळून, माझ्याकडे बघत थांबले. तंगूस हलला, ताणला, पानं कापत निघाला. मी मान हलवली. त्यांनी काठी सरळ आभाळाकडे नेली. काठीची कमान झाली, शेवाळाचा गठ्ठाच्या गठ्ठा वर आला आणि त्यात काळी, हातभर लांब मरळ फडफडत होती. मी चिखलात उडी मारून तिला दोन्ही हातांनी काठावर फेकली. तांडेलांनी तिच्यासमोर फतकल मारली. मग ते म्हणाले, "जावयबापू, बगलंस?"

मरळ दमदार, ओल्या फडक्यात तासन्‌तास जगते. त्याच दुपारी मिळेल ती रिक्षा करून आम्ही मालवण गाठलं. समुद्राचा सोडून दुसरा मासा न खाणाऱ्या आपल्या घरात तांडेलांनी स्वतः ती कापली. सगळे भाऊबंद जेवायला बसले होते. तांडेलांनी आपल्या वहिनीला सांगितलं, "माझ्या जावयान शिकवल्यान म्हणून गावली. ह्येका आदी वाढ." पहिला तुकडा माझ्या ताटात पडला. शैला आत पाणी आणायला गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

तांडेल मग मालवणलाच राहिले आणि पुढच्या आषाढात तिथेच झोपेत गेले. तिरडी उचलायच्या वेळी मी मागे उभा होतो. त्यांच्या थोरल्या भावाने मला हाताला धरून पुढच्या बांबूपाशी आणलं. म्हणाला, "तो सारखो तुझांच नाव घेय होतो. फुडे ये."

मी खांदा दिला. आदल्याच संध्याकाळी आमच्या तळ्यात मरळीच्या पिल्लांचा लालभडक थवा वर आला होता, आणि त्याखाली राखण करणारी आई. ते त्यांना फोन करून सांगायचं सकाळवर टाकलं होतं. चालता चालता, शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही असं, मी त्यांना ते सांगून टाकलं.