महाबळेश्वरच्या गाद्या

पुण्याची माणसं महाबळेश्वरला हवा खायला जातात. आम्ही गेलो ते एका हॉटेलच्या गाद्या भरायला. आम्ही म्हणजे खडकीतले गादीवाले चाचा आणि मी. मी भंडाऱ्याकडचा, सहावीतून शाळा सोडलेला. पुण्यात ओळखीचं कुणी नसताना चाचांनी मला कामावर घेतलं, चाचींनी घरच्यासारखं ठेवलं. त्याला पंधरा वर्षं झाली होती. तरी आपल्या हातून काहीतरी चुकेल आणि हे दार बंद होईल, ही धास्ती काही गेली नव्हती.

कात्रजच्या घाटात एसटीत बसल्याबसल्याच चाचांना धाप लागली. जन्मभराचा कापूस छातीत बसला होता. डॉक्टरांनी काम बंद करा म्हणून सांगितलेलं. त्यावर चाचांचं म्हणणं, डॉक्टर नुसते गादीवर झोपतात, त्यांना काय कळणार.

हॉटेलच्या मागच्या अंगणातून तळं दिसायचं. भोवती दाट झाडी, तिच्यातून ओढ्यांचा आवाज यायचा. आमच्याकडंही तळी आहेत, जंगल आहे. पण आमच्या तळ्यात माणसं शिंगाडे काढायला उतरतात, इथं होडीत बसून फोटो काढत होती. पाण्याकडं बघितलं की घर आठवायचं, म्हणून मी पाठ करून बसायचो.

गादी कुणीही भरावी, पण टाके उस्तादानंच, म्हणजे चाचांनीच, घालायचे, ही आमच्यातली रीत. दाभण आरपार नेऊन दोरा ओढायचा आणि गाठ मारायची. पहिल्या दिवशी चाचांनी दोन गाद्या शिवल्या. मी हात फिरवून पाहिला, टाके सैल. महिन्याभरात कापूस एका कोपऱ्यात गोळा झाला असता आणि लोकांनी चाचांना नावं ठेवली असती. दुसऱ्या दिवशी दुपारी ते नमाजाला गेले, तेव्हा मी दोन्ही गाद्या उसवल्या आणि घट्ट शिवल्या. वाटलं, थोडे तरी उपकार फिटतील.

चाचा परत आले ते त्यातल्याच एका गादीवर टेकले. सवयीनं बोट फिरवलं. ते डावखुरे, त्यांची गाठ डावीकडं वळायची, माझी उजवीकडं. घाईत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"गाठ तुझी आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, चाचा, जरा सैल वाटली म्हणून.

"चांगली आहे. घट्ट आहे."

चाचा उठले. दाभण दोऱ्याच्या गुंडीत खोचून ठेवलं आणि तळ्याकडं निघून गेले. पुढचे तीन दिवस मी एकटाच शिवत होतो आणि ते काठावरच्या बाकावर बसून. दुपारी मी जेवण घेऊन जायचो. ते सरकून जागा करून द्यायचे, दोन घास खायचे. एकदा विचारलं, होडीत बसायचं का?

"तू बस. तुला काम आहे, लवकर जाऊन ये. मला आता कसली घाई?"

पुण्याला आल्यावर त्यांनी दुकानाची पायरी चढली नाही. थंडी पडायला लागली आणि ते गेले.

चाळिसाव्या दिवशी चाचींनी मला आत बोलावून ताट वाढलं. म्हणाल्या, "जन्मात एकदा सुट्टी मिळाली बघ त्यांना. त्या तळ्याचं किती सांगायचे. तू सगळं काम अंगावर घेतलंस म्हणून, बेटा."

त्यांचे टाके मी उसवले होते, हे सांगावं म्हणून मी तोंड उघडलं होतं. पण चाचांनीच त्यांना सांगितलं नव्हतं. मी मान खाली घातली आणि त्यांनी वाढलेलं जेवत राहिलो.